समोरच्या घरी येणारी सिस्टर

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कॅन्सर झाला आणि मला त्यांचा हेवा वाटला. हे वाक्य घरात वाचून दाखवलं तेव्हा आमचे हे म्हणाले, जरा मवाळ कर. मवाळ करून काय करू? ज्यांना माझ्यासारखा लांबणारा आजार आहे त्यांनी वाचावं म्हणून मी लिहायला बसले आहे, आणि मवाळ बोलणारी माणसं त्यांना रोज भेटतात. "कॅन्सर तर नाही ना, मग झालं तर," असं म्हणणारी. मलाही ती अजून भेटतात. मी त्यांच्याकडे बघून हसते, कारण भांडायला लागणारा श्वास मला पुरत नाही.

आम्ही कात्रजला राहतो. दोघा भावांनी एकाच मजल्यावर समोरासमोर फ्लॅट घेतले, मधे फक्त जिना आणि लिफ्ट. दोन्ही घरांना बाहेरून जाळीचं दार आहे. आतलं दार उघडं असलं की समोर कोण आलं, काय घेऊन आलं आणि किती वेळ बसलं हे सगळं दिसतं. वंदनाताई म्हणजे माझ्या जाऊबाई माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या. त्यांचं लोणचं वर्षभर टिकायचं, माझ्या लोणच्याला पावसाळ्यात बुरशी यायची. सासूबाई त्यांना हाक मारायच्या तेव्हा त्यांचा आवाज वेगळा असायचा. म्हणजे हेव्याची सवय मला आधीपासून होती, आजारपणाने ती फक्त वाढवली.

कबुतरं

आजार आधी मला झाला, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. खोकला बरेच महिने होता. आधी धुळीचा म्हणून, मग हवेचा म्हणून, मग "तुला काळजी करायची सवयच आहे" म्हणून. शेवटी भाजीची पिशवी घेऊन लिफ्टपर्यंत येताना मधे दोनदा थांबायला लागलं तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, घराजवळ कबुतरं आहेत का? आमचे हे म्हणाले, पुण्यात कबुतरं नसलेलं घर असेल तर दाखवा, आम्ही तिथे राहायला जातो. डॉक्टर हसले नाहीत. मग मी सांगितलं की बाथरूमच्या डक्टमध्ये त्यांची वस्तीच आहे, आणि गॅलरीत मी रोज त्यांना ज्वारी टाकते. पुण्य म्हणून टाकत होते. ते सगळं छातीत जमा झालं असावं.

स्कॅन, रक्त, फुंकायच्या तपासण्या असं सगळं झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली आहेत, म्हणाले. जेवढी झाली तेवढी परत मऊ होणार नाहीत, पुढचं औषधाने लांबवता येईल. मी विचारणार होते की लांबवता येईल म्हणजे किती, पण त्याआधी ह्यांनी विचारलं, "पण कॅन्सर नाही ना?" नाही नाही, डॉक्टर म्हणाले. ह्यांचा चेहरा एकदम उजळला. खाली पार्किंगमध्ये उभं राहून त्यांनी पहिला फोन समोरच्या घरी केला, काही विशेष नाही म्हणून सांगितलं, आणि मला शहाळं पाजलं. मी शहाळं प्यायले. त्या दिवशी मला माझ्या बाजूने कुणीतरी घाबरायला हवं होतं, आणि जो तो सुटल्यासारखा वागत होता.

दवाखान्यातला हेवा

पुढे दोनदा ॲडमिट झाले. दवाखान्यात दिवस कसा जातो ते ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहे. सकाळी पातळ चहा, मग चादरी बदलणं, मग राउंड. राउंडचे डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहतात आणि फाइलशी बोलतात. माझ्या खाटेशेजारी एक स्टूल होतं. त्यावर कधी कुणी डॉक्टर बसले नाहीत, त्यावर आमच्या ह्यांची पिशवी बसायची.

तिथे मला कुणाकुणाचा हेवा वाटला ते सांगते, म्हणजे तुम्हाला तसं वाटत असेल तर एकटं वाटणार नाही. कॉरिडॉरमध्ये एक गृहस्थ वडापाव खाता खाता फोनवर बोलत होते. खाणं आणि बोलणं एकाच वेळी, आणि वर जिनाही चढले. चालायच्या चाचणीला बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून मला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, तेव्हा माझ्याहून वयाने कितीतरी मोठी एक नऊवारीतली बाई मला मागे टाकून गेली. तिच्या सुनेने तिचं कौतुक केलं. मला त्या दोघींचा राग आला. आत फुंकायच्या खोलीतला मुलगा कबड्डीच्या मैदानावर असल्यासारखा "अजून, अजून, अजून" ओरडायचा, आणि माझ्याकडे अजून काही नसायचं.

घरी आले ती ऑक्सिजनचं मशीन घेऊन. ते कोपऱ्यात गुरगुरत असतं. नळी ओट्यापर्यंत पुरते, पण गॅलरीपर्यंत पुरत नाही. दारात ती चपलांच्या कपाटापर्यंत पोचते, आणि तिथे खुर्ची टाकली की जाळीतून समोरचं घर दिसतं. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज गेली की सिलिंडर लावायचा आणि वीज येईपर्यंत त्याच्या काट्याकडे बघत बसायचं. घरात सगळे हळूहळू या मशीनला सरावले. मी सरावले नाही, पण ते कुणाला सांगायचं?

पहिला नंबर

मग वंदनाताईंना पोटाचा कॅन्सर निघाला आणि सगळं घर जागं झालं.

नागपूरहून नणंद आली. साताऱ्याचे चुलत दीर आले. टोपल्यांतून फळं आली. माझा सख्खा भाऊ, जो माझ्या आजारपणात फोनवर "काळजी घे" म्हणून मोकळा झाला होता, तो सोलापूरहून गाडी करून त्यांना बघायला आला. त्यांच्याकडे दुपारभर बसला, आणि जाताना "आलोच आहे तर" म्हणून माझ्याकडे डोकावला. मी त्याला चहा विचारला नाही. ह्यांनी विचारला, तेव्हा तो म्हणाला, समोर झाला.

केमो झाली, ऑपरेशन झालं, पुन्हा केमो झाली. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता पुढच्या औषधाचा त्रासच जास्त होईल. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, त्या दिवशी जिन्यात बसून राहिले होते. मला वाईट वाटलं. मला दोन्ही वाटत होतं, वाईट आणि हेवा, एकाच वेळी.

त्यानंतर एका मंगळवारी संस्थेची पांढरी गाडी आली. ही संस्था शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेते, त्यांचं गावाबाहेर एक केंद्र आहे आणि त्यांची माणसं घरीही येतात. रेश्मा सिस्टर आल्या, सोबत मधूनमधून एक डॉक्टर बाई असायच्या. मी चपलांच्या कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. सिस्टरांनी आत गेल्यावर आधी हात धुतले, खुर्ची ताईंच्या पलंगाजवळ ओढली आणि बसल्या. पहिल्यांदा मी काय पाहिलं असेल तर हे, की त्या बसल्या. मग म्हणाल्या, "काकू, आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" आणि उत्तराची वाट बघितली.

ताई म्हणाल्या, केस धुवायचे आहेत. मला वाटलं आता सिस्टर हसतील. त्यांनी प्लास्टिकची चादर मागितली, बादली मागितली आणि पलंगावरच ताईंचे होते नव्हते तेवढे केस धुतले. ताई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी जाळीतून बघत होते, आणि माझ्या नाकातली नळी टोचत होती.

"जाळीतून काय बघतेस?"

पुढच्या मंगळवारी ताईंनीच हाक मारली. "शोभा, जाळीतून काय बघतेस, आत ये की." छोटा सिलिंडर ओढत मी गेले. बसल्यावर मी सिस्टरांना सरळच विचारलं की तुम्ही माझ्याकडे का येत नाही. ताई पलंगावरून म्हणाल्या, "हिला सगळं माझ्यासारखंच लागतं. दिवाळीची साडीसुद्धा."

सिस्टर हसल्या आणि मला जे सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहिते. त्या म्हणाल्या, "आता आम्ही फक्त शेवटच्या दिवसांतच जातो असं नाही, काकू. फुप्फुस, किडनी, हृदय, ज्यांचा आजार वर्षानुवर्षं चालतो त्यांच्याकडेही आधीपासून जायला लागलो आहोत. तुमचे छातीचे डॉक्टर, तुमची औषधं चालूच राहतील. बाकीचं आम्ही बघतो."

बाकीचं म्हणजे काय, मी विचारलं. धाप लागली की भीती वाटते ते, झोप, जेवण, घरातली भांडणं, असं त्यांनी सांगितलं. फक्त डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरच्यांची संमती हवी.

मी तरंगत घरी आले. बरं व्हायची आशा मला नव्हती, ते होणार नाही हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण मला त्या खुर्चीवर बसणारं कुणीतरी हवं होतं. भीतीबद्दल बोलायचं होतं, धाप न लागता बोलता येतंय तोवर. एवढीच माझी मागणी होती आणि ती मला फार मोठी वाटत नव्हती.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. छातीच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीत चिठ्ठी दिली, पण देताना "इतक्यात कशाला" म्हणालेच, त्यामुळे ह्यांना बळ आलं. खरं कारण मात्र वेगळं होतं. आमच्या निखिलचं लग्न जमत आलं होतं. तो खराडीला एका कंपनीत आहे, मुलगी तिथेच शेजारच्या कंपनीत. तिचं माहेर लोणी काळभोरला. मुलं एकमेकांना भेटली होती, आता मोठ्यांची बोलणी व्हायची होती. घरात आई आजारी आहे एवढं त्यांना कळलं होतं, पण दम्यासारखं काहीतरी, असं आम्ही सांगितलं होतं.

"ती गाडी आपल्या दारात उभी राहिली की लोक काय समजतील?" हे म्हणाले. "समोर चाललंय ते सगळ्यांना दिसतंय. लोणीची माणसं सोसायटीत चौकशी करतील. आणि मला विचारशील तर मलाही ती माणसं घरात नको आहेत."

"मग मला कॅन्सर होईपर्यंत थांबू का?" मी विचारलं.

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आम्ही पुढचे काही दिवस फक्त भाजीपुरतं बोललो.

उधार घेतलेली सिस्टर

एका दुपारी फोडणीत लाल मिरची जास्त करपली. ठसका लागला आणि त्यातून धाप लागली. अशी धाप आधी कधी लागली नव्हती. तोंड उघडं, पण आत काही जात नाही, आणि डोक्यात एकच विचार, की हे असंच होणार आहे. ज्यांना हे झालंय त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. हे फोन हातात घेऊन ॲम्ब्युलन्सवाल्यावर ओरडत होते, मग माझ्यावर ओरडले, मग देवावर ओरडले. त्यांचं ओरडणं समोर ऐकू गेलं.

मंगळवार होता. सिस्टर ताईंजवळ होत्या. ताईंनी त्यांना म्हटलं, "माझं राहू दे, तिकडे जा आधी." हे मला नंतर भाऊजींनी सांगितलं. सिस्टर पळत आल्या. मला खुर्चीत बसवलं, समोर टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कोपरं टेकवून वाकायला लावलं, टेबलफॅन ओढून तोंडावर लावला. ह्यांना म्हणाल्या, "काका, तुम्ही आधी खाली बसा." हे बसले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायला लागल्या, "समोर मेणबत्ती आहे असं समजा. विझवायची नाही, नुसती ज्योत हलवायची. सोडा हळूहळू. अजून थोडी हलवा." त्यांच्या आवाजात जरासुद्धा घाई नव्हती. थोड्या वेळाने ज्योत हलायला लागली. ॲम्ब्युलन्सला ह्यांनी नको म्हणून सांगितलं.

घरात पंखा आणि उशी कायम होती, फक्त कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे कुणाला असं होत असेल तर निदान पंखा तोंडासमोर ठेवा, आणि भोवती ओरडू नका.

त्या संध्याकाळी ताईंचे आभार मानायला मी गेले. आभार मानताना मला रागच येत होता. स्वतःचा वेळ त्यांनी मला देऊन टाकला होता आणि पुन्हा एकदा त्या माझ्यापेक्षा चांगल्या ठरल्या होत्या. मी तसं म्हणूनही दाखवलं. ताई म्हणाल्या, "मग तू काय मला औषध म्हणून दिलंस? लोणचं पाठवलंस तेही बुरशीचं." आम्ही दोघी हसलो, त्यांना पोटात कळ आली, मला खोकला आला, आणि भाऊजी दोघींवर चिडले.

स्थळाकडची माणसं

हे तयार झाले, पण एका अटीवर. बाहेर कुणाला कळता कामा नये. गाडी समोरच्या घरासाठी येतेच, त्यामुळे तिचा प्रश्न नव्हता. पण त्या आमच्या घरात शिरतात हे लोकांना दिसणार, त्याचं काय? तेव्हा ह्यांनी स्वतःच्या डोक्याने एक उपाय काढला आणि मला न विचारता वॉचमनला सांगून आले, की मंगळवारी आमच्याकडे दोघी बायका येतात त्या निखिलच्या स्थळाकडच्या आहेत. समोर आजारी माणसाला भेटतात आणि मग आमच्याकडे बसतात.

आमचा वॉचमन बातमी पोटात ठेवणाऱ्यांतला नाही. पंधरवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला लिफ्टमध्ये विचारलं, "दर मंगळवारी येतात म्हणे मुलीकडचे. फारच घाई दिसतेय त्यांना." दुसऱ्या एकीने विचारलं, मुलगी नर्सिंगच्या लाइनमधली आहे का? मी धाप लागल्याचं निमित्त केलं. या आजाराचा तेवढा एक उपयोग आहे.

पहिल्या भेटीच्या दिवशी मी चांगली साडी नेसले होते आणि पलंगाजवळ खुर्ची आधीच मांडून ठेवली होती. सिस्टर बसल्या, तो प्रश्न विचारला, आणि मी आठवडाभर पाठ केलेलं सगळं विसरून नुसती रडले. त्यांनी रडू दिलं. मग मी सांगितलं, की मला मरायची भीती वाटत नाही, गुदमरायची वाटते. डॉक्टर बाईंनी त्यावर काय करता येतं ते नीट सांगितलं. गुदमरत ठेवणार नाही, त्याला औषधं आहेत, आणि ती कशी, कधी द्यायची तेही. हे मला पहिल्या दिवशीच कुणी सांगितलं असतं तर मी मधली दोन वर्षं वेगळी जगले असते.

एवढ्यावर मी खूश होते. तेवढ्यात सिस्टर ह्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, काका, तुम्हाला झोप लागते का? आणि आमचे हे, जे बँकेत चेक वटला की नाही एवढंच बोलतात, ते बोलायला लागले. माझा श्वास चालू आहे का ते ऐकत पडतो, म्हणाले. मशीनचा आवाज बदलला की दचकतो. मुलाला सांगता येत नाही, भावाला सांगावं तर त्याच्याकडे हे चाललेलं. सिस्टरांची पाठ माझ्याकडे होती. माझ्या वेळातला निम्मा वेळ ते घेऊन गेले. मी रीतसर जळले. त्यांच्याबद्दल दया यायला संध्याकाळ व्हावी लागली.

लोणीहून आलेले

खरे मुलीकडचे आले तेही नेमके मंगळवारी, न कळवता. मुलीची आई आणि मामा कात्रजला नातेवाइकांकडे आले होते, म्हणून सहज डोकावू म्हणाले. गेटवर त्यांनी आमचा फ्लॅट विचारला. वॉचमनने त्यांना अगदी आदराने सांगितलं, की वर मुलीकडची मंडळी आधीच आलेली आहेत, दर मंगळवारी येतात, तुम्ही कोण?

ती दोघं वर आली तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. सिस्टर माझ्या पायाची सूज दाबून बघत होत्या. मुलीची आई दारातच उभी राहिली.

"पाव्हणं हायेत वाटतं तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "दुसरं स्थळ बघत हाय तर सांगायचं होतं. आम्ही काय रागावलो नसतो."

हे उठले आणि घाईघाईने म्हणाले, तसं नाही, या निखिलच्या मावशी. सिस्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. सिस्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खरं सांगायचं की नाही ते माझ्यावर सोडलं होतं, हे मला कळलं. निखिलचं लग्न मोडलं तर ते माझ्यामुळे मोडणार होतं. आणि गप्प बसले तर सिस्टरांना मावशी म्हणून उठून जावं लागणार होतं, आणि त्यानंतर ह्यांनी पुन्हा त्यांना घरात घेतलं नसतं.

"मावशी नाहीत," मी म्हणाले. "माझ्या सिस्टर आहेत. मला दमा नाही. फुप्फुसांचा आजार आहे, तो बरा होणार नाही. मी आत्ताच मरत नाहीये, पण ह्या मला आत्ताच हव्या आहेत." एवढं बोलायला मला मधे दोनदा थांबावं लागलं, आणि सगळे थांबले.

मामा खिडकीकडे बघत होते. मुलीची आई आत आल्या आणि सरळ सिस्टरांसमोर बसल्या. त्यांनी विचारलं, "डायलिसिसवाल्यांकडंबी जाता का तुम्ही?"

मामा म्हणाले, "अगं, राहू दे."

"आता काय झाकायचं दादा," त्या म्हणाल्या. "ह्यांनी सगळं उघडं केलं." मग त्या आमच्याकडे वळल्या. मुलीचे वडील बोलणीला कधी येत नव्हते, कामात आहेत असं आम्हाला सांगितलं जायचं. ते काम म्हणजे डायलिसिस होतं. पोरीच्या लग्नाआधी सांगू नका, अशी त्यांनीच सगळ्यांना शपथ घातली होती. त्या रडल्या नाहीत, पण त्यांचा आवाज फार थकलेला होता. घरी कुणाशीच ते बोलत नाहीत, जेवत नाहीत, नुसते भिंतीकडे बघतात, असं त्या सांगत होत्या.

सिस्टरांनी स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. लोणीपर्यंत त्यांची गाडी जात होती. चहा आमच्या ह्यांनी केला आणि सगळ्यांना साखर जास्त घातली. त्या मंगळवारचा माझा वेळ सगळा लोणीला गेला. मी बघत बसले. मला हेवा वाटलाच, पण या वेळी मी ज्यांच्यावर जळत होते त्या बाई मघापासून माझ्याकडे तशाच नजरेने बघत होत्या. माझ्या घरी सिस्टर येतात म्हणून.

निखिलला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "आई, आम्हाला दोघांना माहितीये. पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आम्ही एकमेकांना. तुम्ही लोकच सीक्रेट ठेवत होता." लग्न जमलं आहे. साखरपुड्याला मुलीचे वडील आणि मी, आम्ही दोघं शेजारी खुर्चीत बसलो होतो. त्यांनी विचारलं की तुमच्याकडे ती सिस्टर जास्त वेळ बसते का. मी हो म्हणाले.

ताई

वंदनाताई पावसाळा संपता संपता गेल्या. घरीच, दिवसाउजेडी, दुखणं आटोक्यात होतं. जायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ बसले होते. बोलणं कमी झालं होतं, पण जीभ तशीच होती. म्हणाल्या, "आता खूश ना? मंगळवार सगळा तुझा." मी म्हटलं, हो, खूश. त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच झोपल्या. त्या आजारात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट होती, आणि तीही मागितली नव्हती.

ज्यांच्या घरी असं लांबणारं दुखणं आहे त्यांना मी एवढंच सांगेन. "इतक्यात कशाला" हे वाक्य डॉक्टरांकडून, नवऱ्याकडून, शेजाऱ्यांकडून येईल. येऊ द्या. तुम्ही त्याआधी विचारा. बोलता येतंय तोवर बोलायला माणूस मिळणं ही शेवटासाठी राखून ठेवायची गोष्ट नाही. आणि दुसऱ्याला ते मिळालेलं बघून पोटात दुखत असेल तर दुखू द्या, त्यात लाजायला काही नाही. माझं तसंच झालं म्हणून मी विचारलं.

तेराव्यानंतरच्या मंगळवारी गाडी आली. मी चपलांच्या कपाटाशी बसले होते. समोरच्या जाळीतून भाऊजी दिसत होते, ताईंचा पलंग काढून टाकलेल्या जागेकडे तोंड करून बसलेले. सकाळपासून तसेच होते. ह्यांनी दोनदा चहा नेला, तो तसाच परत आला. सिस्टर लिफ्टमधून बाहेर आल्या आणि माझ्याकडे वळल्या. आता आमच्या मजल्यावर पेशंट मी एकटीच.

"आधी तिकडे जा," मी म्हणाले. "माझं नंतर बघू."

सिस्टरांनी एकदा माझ्याकडे नीट बघितलं, श्वास मोजला असावा, आणि समोर गेल्या. हात धुतले. खुर्ची भाऊजींच्या जवळ ओढली आणि बसल्या. त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण भाऊजींचे खांदे हलायला लागलेले दिसले. त्या बराच वेळ तिथे बसल्या. माझी औषधं काढून ठेवलेली होती, पायाची सूजही दाखवायची होती. मला हेवा वाटत होता, आणि मी उठून आमचं आतलं दार लोटून घेतलं, म्हणजे भाऊजींना कुणी बघतंय असं वाटू नये.